फुल फ्रेम की लेन्स? रंगमंचाच्या फोटोंसाठी केलेल्या एका खरेदीचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझी एक मैत्रीण हौशी नाट्यसंस्थेत काम करते. अभिनय करत नाही. नेपथ्याची उचलठेव, दिवे लावायला हातभार आणि गेली चार वर्षं तालमींचे नि प्रयोगांचे फोटो, अशी तिची कामं. पैसे कुणी देत नाही, पण संस्थेच्या जाहिरातीत, माहितीपत्रकात आणि नटांच्या घरच्या भिंतींवर तिचेच फोटो असतात. तिची परवानगी घेऊन, नाव न देता हे लिहितो आहे. तिच्या चुकांबरोबर माझी एक चूकही यात आहे, आणि ती सगळ्यात महागात पडली.

तिच्याकडे निकॉन डी३२०० होता. २०१२ साली आलेला, २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे प्रकाश टिपणारा भाग 'फुल फ्रेम' कॅमेऱ्यापेक्षा लहान), नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेला कॅमेरा. वापरलेला घेतला होता आणि सोबत कॅमेऱ्याबरोबर मिळणारी नेहमीची १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ किट लेन्स (मिमीचा आकडा मोठा तितकं दृश्य जवळ येतं, एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त प्रकाश घेते). दिवसाउजेडी तालमीचे तिचे फोटो सुरेख असायचे. दिवे मंद झाले, नाटक रंगात आलं की फोटो बिघडायचे: दाणेदार, पुसट, चेहरे पांढरेफटक.

दोन वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकून ती माझ्याकडे आली ती निर्णय पक्का करूनच. "आता फुल फ्रेम घेते. तू फक्त कुठलं मॉडेल ते सांग." संस्थेत पाहुणे म्हणून आलेल्या एका छायाचित्रकाराने तिला सांगितलं होतं की या सेन्सरवर अंधारात काही निघणार नाही. सांगणारा जाणकार होता, त्यामुळे ते तिच्या डोक्यात घट्ट बसलं होतं.

तिच्या रकमेचा आकडा इथे देत नाही. किमती जागेगणिक आणि महिन्यागणिक बदलतात, त्यापेक्षा प्रमाण उपयोगी पडतं. म्हणून तिचं एकूण बजेट १०० भाग धरतो. पुढचे सगळे आकडे त्या हिशेबाने, आणि तिने पाहिलेल्या वापरलेल्या वस्तूंचे आहेत.

नेमकी अडचण

मी मॉडेल सांगितलं नाही. म्हटलं, आधी जुने फोटो दाखव. निवडलेले नकोत, सगळे.

शेवटच्या तीन नाटकांचे मिळून अकराशेच्या आसपास फोटो निघाले. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ (तोच मिमीचा आकडा), ॲपर्चर (एफचा आकडा), शटर स्पीड, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ठेवला ते; वाढवला की दाणे वाढतात) अशी सगळी माहिती लिहून ठेवतो. त्या नोंदी आम्ही एका संध्याकाळी चाळल्या. निम्म्याहून बरेच जास्त फोटो ५५ मिमीवर होते, म्हणजे लेन्स जितकी जवळ आणू शकते तितकं तिने आणलं होतं आणि तरी कमी पडत होतं. उरलेल्यांतले बहुतेक ३० ते ४० मिमीच्या दरम्यान. १८ मिमीचे फोटो पडदा पडल्यावर काढलेल्या गटफोटोंपुरते. लांब टोकाला ही लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. आयएसओ ६४००, म्हणजे या कॅमेऱ्याच्या नेहमीच्या पट्ट्याचं वरचं टोक. आणि एवढं करूनही शटर सेकंदाच्या १/४० ते १/६० भागावर अडकलेलं.

मग पुसट फोटो मोठे करून पाहिले. मागच्या खुर्चीची कड धारदार होती आणि नटाचा हात मात्र फराटा झाला होता. याचा अर्थ कॅमेरा हलला नव्हता, माणूस हलला होता. हा फरक कळणं महत्त्वाचं होतं, कारण तिच्या यादीत स्थिरीकरण असलेली बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) हवी असंही एक कलम होतं. स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर आवरतं, समोरच्या माणसाला थांबवू शकत नाही. ते कलम तिथेच खोडलं.

त्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती फुकटची होती. कॅमेरा संपूर्ण चौकटीचा प्रकाश मोजत होता. चौकटीत तीन चतुर्थांश काळा पडदा आणि मधे उजेडात एक चेहरा. कॅमेऱ्याला वाटतं सगळंच काळोखं आहे, म्हणून तो जास्त प्रकाश घेतो, आणि चेहरा पांढरा पडतो. म्हणजे आधीच अपुऱ्या असलेल्या प्रकाशातला जवळजवळ एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) पडद्याचा काळेपणा उजळण्यात वाया जात होता. पुढच्या तालमीला तिने एक्स्पोजर एक स्टॉप खाली ओढलं. चेहऱ्यांवरचा रंग परत आला आणि शटर १/५० वरून १/१०० वर गेलं. एकही भाग खर्च न होता.

ही तालीम झाल्यावर तिचा फुल फ्रेमचा आग्रह किंचित सैल झाला, असं मला वाटतं. तोवर मी वाद घालत होतो. आता तिच्याच फाइली बोलत होत्या.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिच्या मनातला. वापरलेली निकॉन डी७५० ही २०१४ सालची फुल फ्रेम बॉडी ६९ भागांना दिसत होती. तिच्यासोबत २४-१२० मिमी एफ/४ झूम ३८ भागांना. बेरीज १०७. "सात भाग मी कुठून तरी उभे करीन," ती म्हणाली.

इथे आम्ही कागद-पेन्सिल घेतली. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी, तिचा २३.२ × १५.४ मिमी. क्षेत्रफळ साधारण २.४ पट, म्हणजे सव्वा स्टॉपचा फायदा. किटच्या एफ/५.६ ऐवजी एफ/४, हा आणखी एक स्टॉप. मिळून सव्वादोनच्या आसपास. आता दुसऱ्या बाजूला आहे तोच कॅमेरा आणि एफ/१.८ ची लेन्स. एफ/५.६ वरून एफ/१.८ वर गेलं की सेन्सरवर जवळपास साडेनऊ पट प्रकाश येतो, म्हणजे सव्वातीन स्टॉप. १०७ भाग खर्चून जेवढं हाती येणार होतं, त्यापेक्षा एक स्टॉप जास्त, निम्म्याहून कमी खर्चात.

ती बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली. फुल फ्रेमबद्दल तिने ऐकलेलं खोटं नव्हतं. तीच लेन्स, तोच ॲपर्चर ठेवला तर मोठा सेन्सर अंधारात उजवाच ठरतो. पण पैसे बॉडीत संपले की कमी उघडणारी लेन्स घ्यावी लागते, आणि तिथे सगळं उलटं फिरतं. फुल फ्रेम बॉडीवर एफ/१.८ ची लांब लेन्स लावायची तर हिशेब ११० वर जात होता आणि जवळच्या टप्प्यासाठी काहीच उरत नव्हतं.

दुसरा पर्याय दुसऱ्या कंपनीची ७०-२०० मिमी एफ/२.८ झूम. ७७ भाग. रंगमंचाची छायाचित्रं काढणारे व्यावसायिक बहुधा याच धाटणीची लेन्स वापरतात, आणि झूम असल्याने जागेवरून न उठता चौकट बदलता येते. हिच्याबद्दल माझं मन बराच वेळ दोलायमान होतं. पण दीड किलोच्या आसपास वजन, एफ/५.६ च्या तुलनेत फायदा दोनच स्टॉपचा, आणि ७० मिमीच्या आतलं सगळं पुन्हा जुन्या किट लेन्सवर. तिने एका दुकानात ती हातात धरून पाहिली आणि दोन मिनिटांत खाली ठेवली. दोन तासांच्या प्रयोगात हे आपल्याच्याने उचललं जाणार नाही, हे तिने स्वतःच ओळखलं.

तिसरा पर्याय मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, जाण्याचा. त्यामागचं तिचं कारण खरं होतं: आवाज. शांत प्रसंगात आरशाची खटखट पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाते आणि नटांचं लक्ष विचलित होतं. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर अगदी मूक असतं. पण हे शटर सेन्सर एका दमात वाचत नाही, ओळीओळीने वाचतं. मंद केलेले एलईडी दिवे बहुतेकदा अतिशय वेगाने चालू-बंद होत असतात. डोळ्याला ते कळत नाही. ओळीओळीने वाचणाऱ्या सेन्सरला कळतं, आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. त्यांच्या सभागृहात जवळजवळ सगळे दिवे एलईडी. तिने ओळखीतल्या एकाचा मिररलेस कॅमेरा एका तालमीपुरता मागून आणला आणि पट्टे स्वतः पाहिले. यांत्रिक शटर लावल्यावर गेले, पण मग आवाज परत आला. ज्यासाठी जायचं तेच मिळत नव्हतं. शिवाय बॉडी, लेन्स, सगळंच नव्याने घ्यावं लागलं असतं.

चौथा पर्याय डी३२०० तसाच ठेवून दोन प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्सचा: ३५ मिमी एफ/१.८ आणि ८५ मिमी एफ/१.८. मी याच बाजूचा होतो. तिची शंका रास्त होती: "झूम नसेल तर मी अडकणार नाही का?"

याचं उत्तर पैसे न घालता मिळवता येत होतं. एक अख्खी तालीम तिने किट लेन्स ३५ मिमीवर ठेवून काढली, झूमच्या कड्यावर चिकटपट्टी लावून. दुसरी ५५ वर, तशीच चिकटपट्टी लावून, आणि ८५ची चौकट कशी दिसेल ते नंतर फोटो कापून पाहिलं. ती बसते ती तिसरी रांग, रंगमंचाच्या मध्यापासून सात मीटरवर. तिथून तिच्या सेन्सरवर ३५ मिमी साडेचार मीटरच्या वर रुंदी टिपते, म्हणजे चार-पाच पात्रांचा प्रसंग. ८५ मिमी लावून कॅमेरा उभा धरला की सव्वा मीटर रुंद, एक मीटर नव्वद सेंटिमीटर उंच: पूर्ण उभा नट, जेमतेम मोकळ्या जागेसह. ५० मिमी यांच्या मधे पडतं, तीन मीटरपेक्षा थोडं जास्त. स्वस्तात मस्त म्हणून सगळे ५०च सुचवतात, आणि एपीएस-सीवर जवळून व्यक्तिचित्रं काढायला ती छानच आहे. पण तिच्या तिसऱ्या रांगेतून ती ना एकट्या नटाची होती, ना सगळ्यांची.

निर्णय, आणि फसलेली पहिली खरेदी

ठरलं ते असं: आधी ८५, कारण निम्म्याहून जास्त फोटो तिकडचे. मग ३५. बॉडी तीच.

आता माझी चूक. मी तिला निरोपात लिहिलं, "निकॉनची ८५ एफ/१.८ शोध, वापरलेली चालेल." तिने शोधली. आठवड्याभरात फोन आला की ३१ भागांना मिळाली, आपण धरलेल्या ४१ पेक्षा चांगली दहा भाग स्वस्त, काचा लख्ख. मी खूश झालो, पुढे काही विचारलं नाही.

ती लेन्स जुन्या डी प्रकारची होती. या लेन्समध्ये फोकससाठी स्वतःची मोटर नसते. बॉडीतली मोटर एका बारीक दांड्याने लेन्सचा फोकस फिरवते. डी३२०० मध्ये ती मोटरच नाही. निकॉनच्या तीन हजार आणि पाच हजार मालिकेतल्या डीएसएलआरमध्ये ती नसते, सात हजार मालिकेत आणि तिच्या वरच्यांत असते. तिच्या बॉडीला हवी होती स्वतःची मोटर असलेली एएफ-एस जी प्रकारची लेन्स, २०१२ साली आलेली. नावात एका अक्षराचा फरक. मला तो माहीत होता, आणि मी लिहिला नाही.

लेन्स बसली, प्रकाश मोजला गेला, फक्त फोकस हाताने करायचा. तिने दोन तालमी प्रामाणिकपणे प्रयत्न केला. सात मीटरवर एफ/१.८ ला ८५ मिमीची स्पष्टतेची खोली, म्हणजे पुढे-मागे जेवढा पट्टा स्पष्ट दिसतो तो, साधारण अर्धा मीटर असते. नट एक पाऊल पुढे आला की संपलं. डी३२०० चा व्ह्यूफाइंडर लहान आणि मंद. फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका उजळेपर्यंत प्रसंग पुढे सरकलेला असायचा. दुसऱ्या तालमीनंतर ती एवढंच म्हणाली, "माझ्याच्याने नाही होत हे." तिला वाटत होतं तिचं कौशल्य कमी पडतंय. मला फार वाईट वाटलं, कारण दोष तिच्या हातांचा नव्हताच.

लेन्स परत करता आली, पण चार भाग कापून. विकणाऱ्याने आधीच सांगितलेल्या अटींनुसारच ते कापले होते, त्याची काही तक्रार नाही. ते चार भाग माझ्या अर्धवट वाक्याची किंमत होते.

दुसरा प्रयत्न

या वेळी आम्ही लेन्सचं पूर्ण नाव, प्रत्येक अक्षरासह, कागदावर लिहिलं आणि ती कागद खिशात ठेवूनच गेली. मीही सोबत गेलो.

वापरलेली लेन्स घेताना लोक बाहेरचे ओरखडे पाहतात. त्याने फोटोला क्वचितच काही होतं. आम्ही पाहिलं ते वेगळं. ॲपर्चर पूर्ण उघडा ठेवून एका बाजूने बारीक टॉर्च मारला आणि दुसऱ्या बाजूने तिरकं पाहिलं: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, दुधाळ पापुद्रा दिसला तर आतल्या काचेवर धूसरपणा. दोन्ही समोरून येणाऱ्या दिव्यात फोटोचा कस घालवतात, आणि रंगमंचावर समोरून दिवे असतातच. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना, ती झटकन मिटतात ना, हे पाहिलं. फोकसचं कडं टोकापासून टोकापर्यंत फिरवून कुठे अडतंय का, आणि माउंटवर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कड्यावर, लेन्स डुगडुगते का, तेही.

मग सगळ्यात उपयोगी चाचणी. कॅमेरा ट्रायपॉडवर, तीन मीटरवर छापील मजकुराचा खोका, शेजारी तिरकी ठेवलेली पट्टी. आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर पाहून) फोकस करून पाच फोटो, मग व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून पाच. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवरच्या प्रतिमेवरून ठरतो. व्ह्यूफाइंडरमध्ये मात्र आरशाच्या खाली बसवलेला वेगळा फोकस सेन्सर तो ठरवतो. या दोघांचं जुळलं नाही तर फोकस प्रत्येक वेळी थोडा पुढे किंवा मागे पडतो. पहिल्या लेन्सचे व्ह्यूफाइंडरमधले पाचही फोटो चार-पाच बोटं मागे पडले. लेन्स सदोष होती असं म्हणता येणार नाही, दुसऱ्या एखाद्या बॉडीवर ती बिनचूक चालली असती. महागड्या बॉडींमध्ये हा फरक मेनूतून दुरुस्त करता येतो. डी३२०० मध्ये ती सोय नाही. आम्ही ती सोडली.

तीन आठवड्यांनी दुसरी मिळाली, ४१ भागांना. पाचपैकी पाच फोटो जागेवर. वजन ३५० ग्रॅम. तिने ती लावून खांद्याला अडकवली आणि तशीच तालमीला गेली. ३५ मिमीची एएफ-एस डीएक्स (एपीएस-सीसाठीची) लेन्स नंतर १७ भागांना आली, त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. जादा बॅटरी आणि कार्डं यांना ७ भाग. परतीत गेलेले ४ धरून एकूण ६९. हातात ३१ उरले.

वस्तूंपेक्षा जास्त वेळ सवयींना लागला. एक्स्पोजर तिने पूर्ण हाताने ठेवायला घेतलं: प्रत्येक प्रकाशयोजनेत मुख्य नटाच्या चेहऱ्यावरून मोजायचं आणि दिवे बदलेपर्यंत हात लावायचा नाही. दिव्यांचं काम तिला माहीत होतं, त्यामुळे कुठल्या संवादावर काय बदलणार हे तिला आधीच ठाऊक असायचं. हा फायदा विकत मिळत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) एकाच ठिकाणी बांधून फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या रूपात. फोकससाठी फक्त मधला बिंदू, कारण या कॅमेऱ्याच्या अकरा बिंदूंपैकी तेवढाच आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडतो. फोकसला मदत करणारा समोरचा छोटा दिवा बंद, नाहीतर तो नटाच्या डोळ्यांत जातो.

आवाजाचं उत्तर मात्र कॅमेऱ्यात मिळालं नाही. शांत मोडने खटका थोडा मवाळ होतो, एवढंच. शेवटी तिने दिग्दर्शकाशी बोलून प्रयोगाच्या आदल्या दिवशीची, वेशभूषा आणि दिव्यांसकटची रंगीत तालीम फोटोंसाठी मागून घेतली. प्रेक्षक नाहीत, कुठेही उभं राहता येतं, खटका झाला तरी कुणाचा रसभंग नाही. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. मिररलेसचा अख्खा पर्याय ज्या एका कारणावर उभा होता, ते कारण एका विनंतीने सुटलं.

परिणाम

पुढच्या नाटकाच्या फोटोंच्या नोंदी आम्ही पुन्हा तशाच उघडल्या. शटर १/२००, आयएसओ बहुतेक ठिकाणी १२५० ते २५००. त्याच सभागृहात, त्याच बॉडीवर आधी १/५० आणि ६४०० होतं. दाणे दिसतात, पण चेहऱ्यावरची रंगरेषा त्यांच्याआडूनही दिसते. संस्थेने या वेळी पहिल्यांदा मोठ्या आकाराचा फलक छापला आणि त्यावर तिचा फोटो टिकला.

अडचणी उरल्याच. दोन पात्रं वेगवेगळ्या अंतरावर उभी असली की एफ/१.८ ला एक स्पष्ट, दुसरं मऊ. अशा प्रसंगांसाठी ती एफ/२.८ वर येते, खोली पाऊण मीटरच्या आसपास जाते आणि आयएसओ वाढवून घेते. नाचाच्या तुकड्यात १/२०० पुरत नाही, हात अजून पुसटतात. अंधारात लेन्स बदलणं तिला आवडत नाही, म्हणून एका तालमीला फक्त ८५ आणि दुसरीला फक्त ३५ असं ती करते. एकच तालीम मिळाली तर ८५, आणि मग सगळ्या पात्रांचे एकत्र प्रसंग हुकतात. ५० ते ६० मिमीच्या मधली जागा रिकामी आहे हे तिला जाणवतं. मला विचाराल तर ती भरण्याची घाई नको.

एक अडचण मात्र आम्ही कुणीच आधी पाहिली नव्हती. अगदी मंद प्रसंगात कॅमेरा फोकसच पकडत नाही. लेन्स पुढे-मागे चाचपडत राहते आणि क्षण जातो.

पुन्हा करायचं झालं तर

या शेवटच्या अडचणीने मला सगळा हिशेब परत मांडायला लावला. डी३२०० ची फोकस यंत्रणा निकॉनच्या माहितीप्रमाणे उणे एक ईव्हीपर्यंतच्या प्रकाशात काम करते (ईव्ही हे प्रकाश मोजण्याचं माप; आकडा जितका खाली, तितका अंधार). डी७५० ची उणे तीनपर्यंत. दोन स्टॉपचा फरक. म्हणजे मी खोडून काढलेल्या पर्यायाच्या बाजूने एक भक्कम मुद्दा होता, फक्त तो सेन्सरच्या आकाराचा नव्हता, फोकसचा होता. पाहुण्या छायाचित्रकाराने सेन्सरचं नाव घेतलं, मी सेन्सरचंच उत्तर दिलं, आणि खरा प्रश्न दोघांच्या मधून निसटला. तिच्या जुन्या फोटोंच्या नोंदींत तो दिसणं शक्य नव्हतं, कारण फोकस न मिळाल्याने जे फोटो निघालेच नाहीत त्यांची नोंद कुठे असणार? तिला समोर बसवून मी विचारायला हवं होतं: कुठले फोटो घ्यायचे होते आणि घेता आले नाहीत?

तो प्रश्न विचारला असता तर आणखी एक वाट दिसली असती. २०१५ सालची डी७२००, एपीएस-सीच, पण फोकस उणे तीन ईव्हीपर्यंत, बॉडीत मोटर, आणि फोकस पुढे-मागे पडला तर मेनूतून दुरुस्तीची सोय. वापरलेली ५१ भागांना मिळत होती. डी३२०० विकून १८ परत आले असते. मग ती ३१ भागांची जुनी डी लेन्सही चालली असती, आणि ३५ मिमी, बॅटरी, कार्डं धरून सगळं ८८ मध्ये बसलं असतं. आज त्याच बॉडीवर जायचं तर एकूण १०२ होतात.

तरी मी हा पर्याय डोळे झाकून निवडला असता असं नाही. बॉडीतल्या मोटरने फिरणारी लेन्स फोकस करताना ऐकू येते, आणि आवाज हीच तिची पहिली तक्रार होती. रंगीत तालमीची युक्ती सापडल्यावर हा मुद्दा कमजोर होतो, पण ती युक्ती नंतर सापडली. शिवाय एएफ-एस जी लेन्स उद्या निकॉनच्या झेड माउंटच्या मिररलेसवर एफटीझेड ॲडॅप्टर लावून आपोआप फोकस करते, डी लेन्स तिथेही हातानेच फिरवावी लागते. दहा भाग जास्त देऊन तिने ती वाट उघडी ठेवली, असंही म्हणता येतं. ती स्वतः तसंच म्हणते.

क्रम मात्र मी नक्की बदलेन. ८५ मिमी विकत घेण्याआधी एका संध्याकाळीपुरती भाड्याने किंवा मागून आणायला हवी होती, मिररलेस आणला होता तशी. तिच्याच बॉडीवर, तिच्याच सभागृहात, सगळ्यात काळोख्या प्रसंगात. मोटरचा घोळ पहिल्या मिनिटाला कळला असता आणि फोकसची अडचण पहिल्या अंकात.

उरलेले ३१ भाग तिने अजून खर्च केलेले नाहीत. येत्या नाटकात एक प्रसंग फक्त एका कंदिलाच्या उजेडात आहे. त्यासाठी ती ओळखीतून एक डी७२०० मागून आणणार आहे. एकदा आपली बॉडी, एकदा ती, दोन्हींवर हीच ८५ मिमी, आणि नटाच्या डोळ्यांवर किती वेळा फोकस बसतो ते मोजायचं. मोजायला मी जाणार आहे.